लॉकडाऊननंतर गोधडीचा धंदा सावरताना

पुण्यात आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. भोर तालुक्यातल्या अकरा बायका गोधड्या शिवतात. नमुना, रंगांची जुळवाजुळव आणि विक्री आम्ही बघतो. २०२० च्या मार्चपर्यंत निम्म्याहून जास्त माल एका हॉटेल कंपनीला जायचा. लॉकडाऊन लागला आणि आठवड्याभरात एका ईमेलने ती सगळी ऑर्डर रद्द झाली. साठ गोधड्या तयार पडलेल्या, आधीच्या मालाचे पैसेही अडकलेले.

पहिल्यांदा मजुरीचं ठरवलं. शिवून झालेल्या प्रत्येक नगाचे पैसे बायकांना मिळणार, मग तो विकला जावो न जावो. त्यासाठी मुदतठेव मोडली. त्याची मला आजही खंत नाही.

एप्रिल-मे मध्ये सगळ्यांसारखे आम्हीही तीन पदरी सुती मास्क शिवले. किराण्यापुरते पैसे निघाले. पुढे मास्क कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायला लागले आणि ते काम थांबलं.

अडकलेल्या पैशांनी मात्र खूप शिकवलं. १ जुलै २०२० ला छोट्या उद्योगांसाठी सरकारची उद्यम नोंदणी सुरू झाली. आधारवर, ऑनलाइन, एक पैसाही न भरता. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हा २००६ चा कायदा. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. पण वकिलांनी सांगितलं, नोंदणीआधी दिलेल्या मालाला त्याचा आधार मिळणं अवघड. सहा महिने फोन करकरून दोन तृतीयांश रक्कम आली. तुमचा छोटा उद्योग असेल तर ही नोंदणी आजच करा, कळकळीने सांगते.

सप्टेंबरमध्ये एका बाईंनी विचारलं, आईची लुगडी आहेत, त्यांची गोधडी कराल का? अशी कामं आम्ही नाकारायचो; कापड वेगवेगळं, नमुना बिघडतो. या वेळी हो म्हटलं. गाठोडं सोडलं तर डांबरगोळ्यांचा वास, आणि एका हिरव्या नऊवारीच्या पदरावर कुंकवाचा डाग. एसटी अजून धड सुरू नव्हती, म्हणून ते दुधाच्या गाडीतून गावाला पाठवलं. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, डागाचा तुकडा काढून टाका. शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "नको ताई. तिची लेक आधी तोच शोधेल." त्यांनी तो तुकडा उशाकडच्या कोपऱ्यात वर घेतला आणि कडेने आत आत धावदोरा घालत नेला. टाके बघायला शेजारी फुटपट्टी ठेवून फोटो पाठवले.

तिथून हिशोबच बदलला. कापड गिऱ्हाइकाचं, त्यामुळे साठा नाही. निम्मी रक्कम आगाऊ, आणि मजुरीचा पहिला हप्ता त्याच दिवशी बायकांच्या खात्यात. नमुने मी आता कापड बघून आखते, आधी नाही. डिझायनर म्हणून ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर गाठोडी वाढली. त्यांत लुगड्यांबरोबर शर्ट येऊ लागले, काही इस्त्रीची घडीही न मोडलेले. कापड कुणाचं होतं ते चिठ्ठीत लिहून मागायला मावशींनीच सुरुवात केली. चिठ्ठी वाचून दाखवल्याशिवाय त्या सुई हातात घेत नाहीत.

दिवाळीनंतर त्या हॉटेल कंपनीचा पुन्हा फोन आला. निम्मी रक्कम आगाऊ लागेल म्हटलं, ते तयार झाले. मी मावशींना विचारलं, कधी सुरू करायचं? "आधी ही तीन गाठोडी होऊ देत," त्या म्हणाल्या.