पद्मावती ते बालाजीनगर, आईच्या पावलांनी

पुण्यातल्या स्वारगेट–कात्रज मेट्रोचा नकाशा हाती आला तेव्हा मी सगळ्यात आधी आमचं बालाजीनगर शोधलं. ते नव्हतंच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ५.४६ किलोमीटरच्या या भुयारी मार्गावर मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानकं होती. पद्मावती ते कात्रज १.९ किलोमीटर, मध्ये काही नाही. आणि सकाळी माझी बस खच्चून भरते ती नेमकी याच टप्प्यात.

त्या रविवारी सकाळी मी आईला घेऊन निघाले. पद्मावतीपासून घरापर्यंत चालत यायचं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. सातारा रस्ता कात्रजकडे चढत जातो. गाडीतून तो चढ कळत नाही, पण आईला दुसऱ्याच मिनिटाला कळला. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून खाली उतरायचं. परत वर चढायला गेलं तर फुटपाथची कड जवळपास तिच्या गुडघ्याएवढी उंच. एका ठिकाणी चेंबरचं झाकण हललेलं होतं. तिथे तिने माझा दंड घट्ट धरला. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती दोनदा बसली, उठली, परत बसली. मी एकटी हे अंतर पंधरा मिनिटांत चालते. त्या दिवशी आम्हाला एक्केचाळीस मिनिटं लागली.

भुयारी स्थानक म्हणजे मोठा खर्च, हे मला मान्य आहे. जमीन खोलवर खणायची, हवा खेळती ठेवायची, आग लागली तर माणसं बाहेर काढायची सोय करायची. शिवाय प्रत्येक थांब्यापायी गाडीचा वेळ जातो. पण मेट्रोचा प्रवास गाडीत बसल्यावर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. गाडीने वाचवलेली दोन मिनिटं घ्यायला माणसाला आधी अर्धा तास चालावं लागत असेल, तर तो दुचाकीला किक मारणार. पुण्यात तर मारणारच.

आमच्या भागातल्या लोकांनी बालाजीनगरसाठी मागणी लावून धरली आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर व बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवली. मला मनापासून आनंद झाला. तीनाची पाच झाली! पण हे आधीच का सुचू नये? आखणीच्या वेळी कुणीतरी एखाद्या म्हातारीबरोबर हा रस्ता चालला असता तर तेव्हाच लक्षात आलं असतं.

मेट्रो आईला आवडते, हे सांगायला हवं. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यानंतर आम्ही तिथून मंडईला गेलो. एकच स्थानक. सरकत्या जिन्यावर तिने पदर खोचून घेतला, वर आल्यावर अळूच्या दोन जुड्या घेतल्या आणि म्हणाली, "इतकं जवळ होतं होय गं हे!"

आता नव्या स्थानकाची बातमी मी तिला वाचून दाखवली. सातारा रस्ता ओलांडताना तिचा जीव मुठीत असतो, म्हणून तिने लगेच विचारलं,

"लिफ्ट आपल्या बाजूला आहे ना?"