मातीतली रेघ

मार्च २०२४, पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचं सॉफ्टबॉल ग्राउंड, आणि थंडी अशी की आत दोन थर घालूनही दात वाजत होते. मी बेस अंपायर, फर्स्ट बेसच्या मागे रेषेजवळ उभी. पहिल्या इनिंगचा पहिलाच बॉल. घरच्या टीमच्या पिचरने हात गोल फिरवला, जिच्यावर पाय ठेवून बॉल टाकतात त्या पट्टीवरून पुढे झेपावली, दोन्ही पाय हवेत, आणि माझा डावा हात कोपरापर्यंत वर आलासुद्धा, मूठ वळलेली. कसाबसा तिथेच थांबवला आणि कॅपला हात लावून खाली घेतला. कोणी बघितलं नसेल बहुतेक. पण छातीत धस्स झालं, कारण तो बॉल आता नियमात बसत होता आणि माझ्या हाताला ते अजून कळलेलं नव्हतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सॉफ्टबॉलमध्ये पिचर खालून बॉल टाकते, कॉलेजच्या मुलींसाठी पट्टी ते होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभी असते तिथवर, अंतर ४३ फूट. पट्टीवरच्या ज्या पायाने ती स्वतःला पुढे ढकलते त्याला पिव्हट फूट म्हणतात. इतकी वर्षं नियम असा होता की हा पाय जमिनीवरून सुटता कामा नये, बुटाचं टोक मातीत घासत घासत पुढे आलं पाहिजे. तो सुटला आणि दोन्ही पाय हवेत दिसले की झाली लीप, म्हणजे उडी, म्हणजे इल्लीगल पिच. अंपायरने डावा हात आडवा काढून मूठ दाखवायची आणि बॅटरच्या खात्यात एक 'बॉल' जमा. असे चार बॉल जमले की बॅटरला फुकट फर्स्ट बेस मिळतो, त्याआधी तीन स्ट्राइक झाले की ती आउट. पुरुषांच्या फास्टपिचमध्ये हीच उडी आधीपासून चालायची, कॉलेजच्या मुलींना मात्र बंदी. २०२३ च्या उन्हाळ्यात एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, ठरवलं की २०२४ च्या सीझनपासून कॉलेजच्या मुलींनाही चालेल. एक गोष्ट अजूनही चालत नाही, क्रो हॉप, म्हणजे उडी मारून पुढे पाय रोवायचा आणि त्या नव्या जागेवरून पुन्हा स्वतःला ढकलायचं.

मी स्वतः पिचर होते. अमरावती विद्यापीठाकडून इंटर युनिव्हर्सिटी खेळलेय. आमचं ग्राउंड म्हणजे मुरूम, आणि आमचे सर लांबून ओरडायचे, अंगठा घास, अंगठा घास! माझ्या उजव्या कॅनव्हासच्या बुटाचं टोक पंधरा दिवसांत फाटायचं, मग बाबांनी चांभाराकडून टायरचा एक तुकडा टोकावर शिवून आणला, तो बूट मी दोन वर्षं वापरला. इथल्या मुलींकडे त्यासाठी तयार टो गार्ड मिळतं, गोंदाने चिकटवायचं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की काय सांगू, म्हटलं टायरच आहे हे, फक्त गुलाबी रंगाचं. तर सांगायचं काय, पाय घासायचा हा नियम मी पुस्तकात वाचायच्या आधी माझ्या अंगात होता, म्हणून अंपायर झाल्यावर मी त्याबाबत कडक होते. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम आणि फेब्रुवारी ते मे शनिवार-रविवार डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेजांच्या तिसऱ्या गटाच्या, मॅचेस असं माझं आठ वर्षं चाललंय, आणि त्यात ही मूठ मी पुष्कळ वेळा दाखवलीये.

त्यातली एक मूठ मला आयुष्यभर आठवेल.

एप्रिल २०२३, दुसरं कॉलेज, दुसरं ग्राउंड. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, घरची टीम बॅटिंगला, स्कोअर बरोबरीत, दोन आउट, तिन्ही बेसवर रनर, काउंट थ्री-टू, म्हणजे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. पाहुण्या टीमची पिचर सेकंड इयरची, उंच, अंगाने काटक, दिवसभर एकटीने टाकत होती. दुसऱ्या आणि चौथ्या इनिंगमध्ये मी तिला लीप दिली होती, दोन्ही वेळा काही नुकसान झालं नाही, तिने मान हलवली आणि पाय खाली ठेवला. सातव्यात मात्र ती दमली होती आणि दमलेली पिचर जोर काढायला गेली की पाय सुटतोच, हे मी स्वतःच्या पायावरून सांगते. शेवटचा बॉल तिने जीव तोडून टाकला, राइज बॉल, वर चढल्यासारखा येणारा, बॅटरची बॅट खालून फिरली, साफ मिस. स्ट्राइक थ्री. तिच्या टीमच्या मुली किंचाळत आत धावल्या, कॅचरने मास्क फेकला, आणि मी सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या जवळ, डावा हात आडवा काढून उभी होते, मूठ बंद.

इल्लीगल पिच, म्हणजे बॅटरला बॉल, म्हणजे चौथा बॉल, म्हणजे वॉक, बॅटर फर्स्टवर आणि सगळ्या रनर एकेक बेस पुढे, म्हणजे थर्डवरची मुलगी चालत होमवर, एक रन, आणि मॅच संपली. जिंकलेल्या मुलींनाही दोन मिनिटं कळलं नाही की आपण जिंकलोय. पाहुण्यांचे कोच माझ्यापर्यंत आले, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, तू ही मॅच अशी संपवणार? मी म्हटलं, कोच, पाय सुटला होता. दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतंच. डिव्हिजन वनच्या मोठ्या मॅचेसमध्ये २०२२ पासून कोच लोकांना काही निर्णयांवर व्हिडिओ रिव्ह्यू मागता येतो, आमच्याकडे कुंपणापलीकडे कोणाच्या तरी वडिलांचा मोबाइल एवढाच कॅमेरा.

मॅच संपल्यावर अंपायरनी रेंगाळायचं नसतं, सरळ गेटबाहेर पडायचं. तरी जाताना मी पिचरच्या सर्कलजवळून गेले. पट्टीच्या उजव्या टोकापासून मातीत रेघ निघाली होती, दिवसभर तिच्या अंगठ्याने खोदलेली, चांगली खोल, आणि तिच्या शेजारी शेवटच्या बॉलची ताजी रेघ. ती वीतभर जाऊन तुटली होती. मग चार बोटं कोरी माती आणि मग पुन्हा सुरू. मी बघितलं आणि वर पाहिलं तर ती मुलगी समोर उभी, तीही तेच बघत होती. बोललो नाही आम्ही.

गाडीत बसल्यावर मला बरोबर असल्याचं समाधान वाटायला हवं होतं, वाटलं नाही. सहाव्या इनिंगमध्ये सेकंडवर रनर असताना तिने उडी मारली नव्हती कशावरून? सॉफ्टबॉलमध्ये बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही आणि ते बघायचं काम बेस अंपायरचंच. म्हणजे ज्या क्षणी पिचरचा पाय सुटतो जवळजवळ त्याच क्षणी मला रनरचा पाय बघायचा असतो. डोळे दोनच. दोन अंपायरच्या मॅचमध्ये हे सगळं नीट बघणं शक्य नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग व्हायचं काय, एक अंपायर दिवसात सहा वेळा मूठ काढायची आणि दुसरा अख्ख्या सीझनमध्ये एकदाही नाही, आणि मुलीला शनिवारी जे चाललं ते रविवारी चालायचं नाही. मला वाटतं नियम बदलण्याचं खरं कारण हेच आहे, आणि बदल योग्यच झाला, माझं तरी ठाम मत आहे. ज्या नियमाची अंमलबजावणी अंपायर कुठे उभा आहे आणि कुठे बघतोय यावर अवलंबून, तो नियम त्या मुलींवर अन्यायच करत होता.

पण मग ती मूठ? तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे ती बरोबर होती. तीन महिन्यांत ते पुस्तक बदललं. अंपायर लोकांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यावर दोन मिनिटं गेली असतील, पुढचा विषय सुरू झाला, आणि मी माइक बंद करून स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. माझा पार्टनर अंपायर, सत्तरीला आलेला माणूस, त्याला फोन केला. तो म्हणाला, अगं मी ४० फुटांवरून पिचिंग व्हायचं तेव्हापासून हे करतोय, तेव्हा रनच निघायचे नाहीत, मॅचेस संपता संपायच्या नाहीत, मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ४३ केलं आणि त्या वर्षी कितीतरी चांगल्या पिचर मुलींचा बॉल प्लेटच्या आधीच खाली पडायला लागला. काही सावरल्या, काहींनी खेळ सोडला. पुस्तकात फक्त आकडा बदलला होता.

तर मार्च २०२४ चा तो दिवस. डबलहेडर होता, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅचेस, आणि पाहुण्या टीममध्ये तीच मुलगी, आता थर्ड इयर. यादीतलं नाव वाचलं तेव्हाच पोटात गोळा आला होता. पहिल्या मॅचला दुसऱ्या अर्ध्या इनिंगमध्ये ती सर्कलमध्ये आली. मला वाटलं आता मोकळी उडी मारणार, नियम तिच्याच बाजूने बदललाय. तर तिने पहिला बॉल टाकला आणि तिचा पाय मातीला चिकटून आला. दुसरा, तिसरा, तसाच. शाळेत हस्ताक्षर गिरवतात तसं, अगदी काळजीपूर्वक. बॉल चांगला पडत होता पण आदल्या वर्षीचा जोर नव्हता, प्लेटवर जो सपकन आवाज यायचा तो नव्हता. आणि समोरची पिचर दर बॉलला अधांतरी.

दोन मॅचेसच्या मध्ये वीस-पंचवीस मिनिटं असतात. मी कुंपणाजवळ पाण्याची बाटली भरत होते आणि ती आली. इथे अंपायरला सगळे ब्लू म्हणतात, युनिफॉर्मच्या रंगावरून.

"ब्लू, एक विचारू? नियमाचंच आहे."

"विचार."

"दोन्ही पाय हवेत चालतात ना आता?"

"चालतात. फक्त पुढे पाय रोवून परत ढकलायचं नाही."

ती हसली नाही, मान हलवली. मग म्हणाली, "त्या मॅचनंतर मी अख्खा मे आणि जून बुटाच्या टोकाखाली टॉवेल ठेवून तो ओढत न्यायची प्रॅक्टिस केली. वडिलांच्या गॅरेजमध्ये. रोज शंभर वेळा. जुलैमध्ये कोचचा मेसेज आला की नियम बदलला. तोवर पाय शिकला होता. आता सोडायला गेले की बॉल कुठेही जातो."

मी काय बोलणार? अंपायरने कोचिंग करायचं नसतं, सांत्वन तर नाहीच. तरी म्हटलं, "मला तो बॉल आठवतो."

"मलाही," ती म्हणाली. "मला अजूनही वाटतं पाय टेकलेला होता."

माझ्या डोळ्यासमोर ती चार बोटं कोरी माती आली. मला म्हणावंसं वाटलं की तूसुद्धा बघितलंस ना, माझ्यासमोर उभी राहून बघितलंस. पण तिच्या उजव्या बुटाकडे लक्ष गेलं, टो गार्डचं टोक झिजून आतला पांढरा कपडा दिसत होता, कडेला गोंदाचे पिवळे ओघळ, दोनतीनदा पुन्हा चिकटवलेलं. माझे बाबा टायरचा तुकडा असाच पुन्हा पुन्हा चिकटवायचे. मी एवढंच म्हटलं, "असेल. मला दिसलं ते मी दिलं." ती म्हणाली, "माहितीये." आणि आत गेली.

ते बोलणं मला आजही पुरेसं वाटत नाही. पण त्या जागी उभं राहून त्याहून जास्त मी बोलू शकत नव्हते, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या मॅचला तिला पाचव्या इनिंगमध्ये आणलं. वॉर्मअपचे मोजकेच बॉल मिळतात. पहिले दोन तिने घासत टाकले. तिसऱ्याला एकदम काय वाटलं कुणास ठाऊक, पट्टीवरून पूर्ण झेपावली, दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वर, तिची सावलीसुद्धा पायांपासून सुटलेली दिसली मला, आणि बॉल कॅचरच्या डोक्यावरून मागच्या जाळीला जाऊन धडकला. डगआउटमधून कोणीतरी जोरात तिचं नाव घेतलं. कॅचर नवा बॉल घेऊन तिच्यापर्यंत चालत आली, दोघी काहीतरी बोलल्या.

माझा डावा हात या वेळी गुडघ्यावरच होता, मी बघितलं मुद्दाम.

तिने नवा बॉल हातात फिरवला, शिवण बोटांनी चाचपली, पट्टीसमोरची माती बुटाने सारखी केली. बॅटर आत आली. पहिला बॉल, आणि पट्टीपासून निघालेली रेघ, सरळ, अखंड, माझ्या जागेवरून दिसत होती.