न विझलेल्या दिव्यांचा हिशेब

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळांनी लिहिल्या असतील. मी लिहितो ते इथे हाताळलेल्या लॉग टेबलाच्या एका उपयोगाबद्दल. संख्याशास्त्राच्या कामात ते अजून सुटलेले नाही.

समजा, १० दिवे एकदम लावले आणि सहावा जाताच चाचणी थांबवली. गेलेल्या दिव्यांचे तास १२, २५, ३१, ४८, ६०, ७४. उरलेले ४ जळतच आहेत. त्यांची नोंद ‘सेन्सॉर्ड’, म्हणजे पूर्ण आयुष्य न कळलेली. आयुष्य घातांकी वितरणाचे असेल, म्हणजे दिवा जुना झाला म्हणून तो जाण्याची शक्यता बदलत नसेल, तर एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचे माप, १ अधिक सरासरी आयुष्याचा नैसर्गिक लॉग इतकी येते. सगळी मेख त्या सरासरीत.

जळणारे ४ सोडून दिले तर २५० भागिले ६, म्हणजे ४१.७ तास, एन्ट्रॉपी ४.७३. ते ७४ व्या तासाला गेले असे धरले तर ५४.६ तास, ५.००. दोन्ही चूक, आणि दोन्ही सर्रास होतात. बरोबर रीत अशी: २५० मध्ये ४ गुणिले ७४ मिळवा, ५४६ येतात, भागा मात्र ६ नेच. सरासरी ९१. टेबलात ९१ चा लॉग १.९५९०, तो १० च्या पायाचा, म्हणून २.३०२६ ने गुणा, ४.५११. एन्ट्रॉपी ५.५१. नमुना लहान असल्याने हे उत्तर सरासरीने ०.०९ कमी पडते, तेवढे वाढवावे.

वितरण घातांकी आहे का, हेही पाहावे. एक दिवा गेल्यापासून पुढचा जाईपर्यंतच्या प्रत्येक अंतराला (पहिले सुरुवातीपासूनचे) त्या वेळी जळत असलेल्या दिव्यांनी गुणा: १२०, ११७, ४८, ११९, ७२, ७०. बेरीज पुन्हा ५४६! हे आकडे सतत घसरत गेले तर दिवे झिजून जात आहेत, मग झीजही धरू शकणारे वायबुल वितरण घ्यावे. सहा आकड्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही, हे खरे.

वितरण गृहीत धरायचेच नसेल तर गणितज्ञ वासिचेक यांची १९७६ ची रीत आहे: क्रमाने लावलेल्या निरीक्षणांमधल्या अंतरांचे लॉग घ्यायचे. पण तिला पूर्ण नमुना लागतो, आणि तास पूर्णांकात नोंदल्यामुळे सारखे आकडे आले की अंतर शून्य होऊन लॉगच अडतो.

एककही लिहावेच. हीच एन्ट्रॉपी मिनिटांत ४.०९ ने वाढते, दिवसांत ३.१८ ने घटते. मोठ्या एककात ती ऋणही होते.