बक्षीस

इजिप्तमध्ये लक्झरजवळ प्राचीन राजांची थडगी असलेल्या 'राजांच्या दरीत' आम्हा टूर मॅनेजरना माहिती सांगता येत नाही. बोलायचं ते परवाना असलेल्या इजिप्शियन गाइडनं, तेही बाहेर उन्हात; थडग्याच्या आत त्यालाही बंदी. म्हणून माझी हौस मी लक्झरहून निघालेल्या बसमध्येच भागवून घेतो.

त्या दिवशीही भागवली. फेरो सेती पहिला याचं थडगं हा माझा हुकमी विषय. १८१७ मध्ये ते बेल्झोनी या इटालियन शोधकाला सापडलं. त्यानं भिंतींवरच्या चित्रांचे मेणात साचे घेतले आणि काही ठिकाणचा रंग मेणाबरोबर गेला. चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोल्योंनं तर १८२९ मध्ये एक अख्खं कोरीव चित्र कापून पॅरिसला नेलं. ते आज तिथल्या लूव्र संग्रहालयात आहे, राजाची शवपेटी लंडनला. बसमध्ये सगळे हळहळले. मग नेहमीसारख्या पन्नासच्या आतल्या सुट्ट्या नोटा वाटल्या. तिथंही शब्द 'बक्षीश'च, त्यामुळे आपल्या माणसांना फोड करून सांगावी लागत नाही.

साध्या तिकिटात तीन थडगी. सेतीचं आणि तुतानखामनचं तिकीट वेगळं. सगळ्यांना तुतानखामनच हवा असतो! रंगवलेली खोली एकच, तरी गर्दी तिथंच. सेतीचे शंभरावर मीटर उतरायला मात्र गुडघे आठवतात.

पुढचं कुठल्या थडग्यात घडलं ते लिहीत नाही, कुणाची तरी रोजीरोटी जाईल. आतल्या पहारेकऱ्यानं आमच्या एका काकांना खुणेनं बोलावलं, दोरी उचलली, खांबाआड नेलं आणि त्यांचा हात धरून रंगीत कोरीवकामावर टेकवला. काका बाहेर आले ते बोट वर धरूनच. "तीन हजार वर्षांचा रंग हो! हात लावू दिला त्यानं."

ग्रुपमधल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका भडकल्या. "अहो, तुमच्या बोटाला घाम आहे!"

काका शांतपणे माझ्याकडे वळले. "साहेब, तुमच्या त्या फ्रेंच माणसानं चित्र कापून नेलं, त्याचं तुम्ही कौतुकानं सांगता. मी नुसतं बोट लावलं."

मी कौतुकानं सांगतो? बाईंनीही माझ्याकडेच पाहिलं. गाइड चपला झाडत दुसरीकडे बघत होता. मराठी न कळताही त्याला सगळं कळलं असणार. मी "चला, उशीर होतोय" म्हणालो. आमच्या धंद्यातलं सर्वात उपयोगी वाक्य.

काकांनी दिलेली नोट सकाळी मीच वाटलेली. पुढच्या महिन्याच्या ग्रुपसाठी सुट्टे काढून ठेवलेत. शांपोल्योंचा किस्सा सांगायचा की नाही, ते अजून ठरत नाही.