लेकीकडे परदेशात येताय? पाणी पिणं कमी करू नका

आमच्या आर्वीकडे कापूस वेचायला गेलेली बाई दिवसभर बेतानेच पाणी पिते. आडोसा नसतो, बांधावर गडीमाणसं असतात, मग तहानच मारायची. ही सवय विमानातही सोबत येते. इथे जर्मनीत लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आयांना आल्या आल्या लघवीची आग सुरू झालेली मी पाहिली आहे, म्हणून हे मनापासून लिहिते आहे.

माझी आई आली तेव्हा नागपूर सोडल्यापासून तिने जेमतेम दोन-चार घोट घेतले होते. "पानी कमी पेलं का घडी घडी उठा नाई लागत," हे तिचं म्हणणं. शेजारी दोन अनोळखी पुरुष, त्यांना उठा कसं म्हणायचं? फ्रँकफर्टला उतरली तेव्हा ओठ फुटलेले, एक हात ओटीपोटावर. त्यातून विमानातली हवा आपल्या मे महिन्यासारखी कोरडी. चेक-इनलाच कडेची सीट मागून घ्या. सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते, ती पलीकडे भरून घ्या.

बाईचा मूत्रमार्ग साधारण 4 सेंटिमीटरच असतो, पुरुषाचा 20च्या आसपास. त्यामुळे आतड्यातले ई. कोलाय जंतू बाईच्या मूत्राशयात लवकर पोचतात. वेळच्या वेळी लघवी झाली तर ते बरेचसे वाहून जातात, तासन्‌तास दाबून ठेवली तर वाढायला सवड मिळते.

आता इथलं संडास. नळ नाही, मग्गा नाही, नुसता कागद. पर्समध्ये छोटी बाटली ठेवा, पण पाणी भांड्यातच पडू द्या, कारण खाली मोरी नसते आणि ओली फरशी कोणालाच आवडत नाही. धुताना-पुसताना हात नेहमी पुढून मागे, मग कागदाने कोरडं करा. सीटच्या किळसेने अनेकजणी अधांतरी बसतात. त्याने स्नायू आवळलेले राहतात, लघवी पूर्ण होत नाही. सीट पुसा, कागद अंथरा आणि निवांत बसा. सीटवर बसल्याने हा आजार होत नाही. महामार्गावरच्या संडासाला बरेचदा 1 युरो पडतो, तेवढी नाणी कनवटीला असू द्या. लेकीला किंवा जावयालाही "गाडी थांबवा" म्हणायला संकोच नको, हे मी प्रत्येकीला हात जोडून सांगते.

आग होणं, घडीघडी जावंसं वाटणं, गढूळ लघवी, ओटीपोटात दुखणं, हे सुरू झालं की आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात आणि धन्याचं पाणी देतात. जरूर प्या, पण जंतुसंसर्ग त्याने जात नाही. लघवी तपासून घ्यायलाच हवी. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलटी किंवा लघवीतून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. साखरेचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर साध्या जळजळीलाही थांबू नये.

जर्मनीत अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि घरून आणलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या खाऊ नका. रात्री किंवा रविवारी दवाखाना बंद असेल तर 116117 वर फोन लावायचा, जीवावरचं असेल तर 112. व्हिसासाठी 30,000 युरोचा आरोग्यविमा काढलेला असतोच. त्याचा कागद आणि चालू औषधांची चिठ्ठी बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.