दहा बाय दहाच्या खोलीत हरवलेला षड्ज

"दादा, बेस फार अंगावर येतोय. तो एक सूर तर नुसता घुमतोय," खाटेवर भिंतीला टेकून बसलेला संगीतकार म्हणाला. खुर्चीत बसलेल्या मला तोच सूर जेमतेम ऐकू येत होता. मी तो थोडा वर घ्यायच्या विचारात होतो.

डोंबिवलीतल्या आमच्या घराची बेडरूम हाच माझा स्टुडिओ. दहा बाय दहा, उंचीही साधारण तेवढीच. बेस गिटार वाजवायला आलेले काका ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेले. बेसची केबल सरळ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत जाते, मधे माइक नसतो. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्यांना टेकमध्ये जागा नाही. गायक आला की मात्र घरात सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं.

कुकर येत नाही, पण वीज येते. काकांनी केबल खोचली आणि स्पीकरमधून घर्रर्र सुरू झालं. त्यांच्या बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं थरथरणं पकडणारी एकेरी गुंडाळीची चुंबकं, आणि असा पिकअप आजूबाजूची विजेची खरखर अँटेनासारखी ओढून घेतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहिला, फरक शून्य. पंखा बंद केला तेव्हा अर्धी खरखर गेली. आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज चिरून चिरून पंख्याला देतात, ती चिरफाड पिकअपला ऐकू येते. उरलेली काकांनी मिटवली. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले आणि गुणगुण बसली. दोन्हींची गुंडाळी उलट दिशेची असते, म्हणून दोन्ही सारखे उघडले की एकाची गुणगुण दुसरा खोडतो. "एक जरा कमी केलास की परत येणार," काका म्हणाले. मे महिन्यात बिनपंख्याचं बसायचं होतं, पण टेक स्वच्छ आला. गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, असा ठेवला होता की जोरातला ठोकाही वजा बारा डेसिबलच्या आसपास थांबावा; शून्याला आवाज फाटतो. चोवीस बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये याहून वर ढकलायचं काही कारण नसतं.

गाणं पांढरी सहामध्ये. म्हणजे बेसची मोकळी 'ए' तार हाच षड्ज, आणि समेवर येऊन बसायचा तो तिथेच. वाद नेमका त्या सुरावर.

काकांना वाटलं, वाद्यातच खोट असेल. बेसच्या मानेवर मेलेल्या जागा असतात, तिथे सूर लवकर विझतो, हे खरंच आहे. पण मोकळ्या तारेवर? आवाजाची पातळी दाखवणारा मीटर पाहिला, तर 'ए' आणि शेजारचे सूर जवळजवळ एकाच उंचीचे. मी संगीतकाराला म्हटलं, "तू इथे बस, मी खाटेवर येतो." लूप लावला. खाटेवर टेकलो आणि पाठीमागची भिंत बोलायला लागली. तिकडे खुर्चीतून तो ओरडला, "अरे, हा गेला कुठे?"

हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ज्या लाटेची अर्धी लांबी तेवढी, ती ५६ हर्ट्झची. मोकळी 'ए' ५५ हर्ट्झ! समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती लाट अडकून उभी राहते: भिंतींपाशी फुगते, मधोमध जवळजवळ नाहीशी होते. माझी खुर्ची कपाटामुळे मधोमधच येते, खाट भिंतीला. त्यात खोली चौकोनी आणि छतही तेवढंच, म्हणजे तिन्ही दिशांची लफडी एकाच सुरापाशी जमा. 'हॉलमध्ये चांगलं वाजतं, मग इथे का नाही' असं विचारणाऱ्यांना मी हाच हिशेब सांगतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून हे सुटत नाही. या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर, पुठ्ठ्याच्या खळग्यांचा तिला पत्ताही लागत नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीचे जाडजूड थप्पे लावले तर थोडा फरक पडतो, पण मग खाट बाहेर काढावी लागेल.

म्हणून इक्वलायझरला हात लावला नाही. माझ्या खुर्चीवरून उचललेला 'ए' जगातल्या प्रत्येक गाडीत घुमला असता, आणि खाटेवरून कापलेला सगळीकडे पोकळ वाजला असता. खालचा भाग हेडफोनवर बसवला.

उरला प्रश्न मोबाइलचा, कारण हे गाणं लोक ऐकणार तिथेच. त्या टिचभर स्पीकरला ५५ हर्ट्झ झेपतच नाहीत. पण त्याच्या पटीतले ११०, १६५ आणि त्याहून वरचे अंश ऐकू आले तर कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढली, तिचा तळ छाटला, तिला थोडी खरखरीत केली आणि मूळ बेसखाली हलकेच सरकवली. एकटी ऐकली तर भुंगा अडकल्यासारखी वाटते. काकांनी तोंड वाकडं केलं, पण फोनवर ऐकल्यावर म्हणाले, "असू दे."

रात्री संगीतकाराचा फोन आला. गाडीत ऐकलं म्हणे. बेसचं नावही काढलं नाही. ढोलकी जरा मागे गेल्यासारखी वाटतेय, असं त्याचं म्हणणं होतं.