जात्याच्या फेऱ्यावर किक: ओवी-हाऊसची हालहवाल

जात्यावरच्या ओवीवर हाऊस, म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, चढवतोय. त्या ट्रॅकचा टेम्पो अखेर ठरला: मिनिटाला १०२ ते १०८ ठोके. एकच आकडा का नाही, त्याचीच ही नोंद. हाऊस म्हटलं की आपण घरी ट्रॅक करणारे डोळे झाकून १२० ते १२८ च्या मध्ये कुठंतरी थांबतो आणि हाती लागलेला आवाज वॉर्प करून, म्हणजे ताणून-आखडून, त्यात कोंबतो. जात्यावरच्या ओवीला ते सोसत नाही. ओवीला ठोका असतोच, पण तो गळ्यात शोधून सापडत नाही. तो जात्यात असतो.

रेकॉर्डिंग अंबाजोगाईजवळच्या गावात, मावशीच्या ओसरीवर केलं. आधी तिला नुसतं बसून गायला सांगितलं, तर दोन ओव्यांतच गाडी थांबली. म्हणाली, "आरं बाबा, हाताला काम नसलं की तोंडाला ओवी येत नसती. जातं मांड आधी." मग हरभरे काढले, जातं मांडलं आणि अर्ध्या तासात गळा असा मोकळा झाला की मला बॅटरी बदलायलाही फट मिळेना.

जातं चालू असताना आवाज स्वच्छ कसा घ्यायचा, हा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न असतो. एसएम-५८ सारखा साधा डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर धरला आणि त्याची पाठ जात्याकडं केली. अशा कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणाऱ्या) माइकला मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळं घरघर निम्म्याहून कमी झाली. उरलेली १२० हर्ट्झच्या हाय-पासनं, म्हणजे त्याखालचे जाड आवाज कापून, काढली. दुसरा ट्रॅक मात्र मुद्दाम घरघरीचाच. एक पिझो चकती (दगडातला कंप टिपणारी) खालच्या दगडाला चिकटपट्टीनं लावली आणि सरळ रेकॉर्डरला जोडली.

खरा माल निघाला तो या चकतीतून. खुंटा अंगाकडं ओढताना दगड जोरात बोलतो, पलीकडं ढकलताना बारीक. म्हणजे एका फेऱ्यात एक मोठा झोल (हेलकावा) आणि एक छोटा, आणि दोघांची लांबी सारखी नाही. आपण हाय-हॅटला (ड्रमच्या झांजेला) स्विंग देत, म्हणजे ठोके थोडे मागंपुढं सरकवत बसतो, ते इथं आयतं मिळालं. ४०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून ही घरघर शेकरच्या (खुळखुळ्याच्या) जागी बसवली, हाय-हॅट म्यूट केला, आता त्याची आठवणही येत नाही. फेरे मोजले तर मिनिटाला ५१ ते ५४. वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, टाकली की जातं जड होतं, फेरा लांबतो. दाणा सरत आला की पळायला लागतं. एका फेऱ्याला दोन ठोके धरले की १०२ ते १०८ चं गणित तिथून येतं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मोठ्या झोलावर टेम्पो मार्कर टाकले आणि किक (ड्रमचा जड ठोका), बास, सगळं त्या मार्करांमागं चालवलं. मावशीच्या आवाजाला हात लावला नाही. काम किचकट आहे, संध्याकाळच्या संध्याकाळी खातं, पण वैरण पडताना आख्खा ट्रॅक जो किंचित मागं रेलतो, तो कुठल्याही प्लगइननं येत नाही.

ड्रॉपची, म्हणजे ठोका-बास थांबून परत कोसळतो त्याची, जागाही मावशीनंच दाखवली म्हणायची. ओळ जात्याच्या फेऱ्यापेक्षा आखूड पडली की बाया "गं बाई" घालून ती लांबवतात. त्या लांबवलेल्या "गं"खाली बास काढून घ्यायचा आणि पुढच्या ओढीला परत टाकायचा. त्याआधीच्या चढणीला, बिल्डअपला, पांढऱ्या नॉइजचा फवारा लागतोच असं नाही.

सूर जुळवायला जास्त डोकं लागलं. मावशीचा सा पेटीच्या पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये आहे, पांढरी सहाच्या ४० सेंट वर (दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट). ऑटोट्यूननं तिला खाली ओढण्यापेक्षा सगळे सिंथ ४० सेंट चढवले. गाता गाता ती आणखी थोडी चढते, तर मास्टर ट्यूनला ऑटोमेशन दिलं, म्हणजे सिंथही तिच्यामागं चढतात. तिचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठंतरी आहे. त्यामुळं मेजर-मायनर कॉर्ड लावले की भांडण. पॅडमध्ये, म्हणजे मागच्या लांब सुरांत, फक्त सा आणि प ठेवलेत. १९८२ साली चरणजीत सिंग यांनी मुंबईत टीआर-८०८ ड्रममशीन आणि टीबी-३०३, ज्युपिटर-८ या सिंथवर राग वाजवले, तेव्हा खाली एकसुरी ठोका नि वर राग एवढ्यावर भागलंच होतं की.

पुढचं गाणं रखडलंय. बल्गेरियाच्या शोप भागातल्या बायका दोन आवाज सा-रे इतके जवळ आणून मुद्दाम घासतात, तसं गायचा प्रयत्न माझी बहीण आणि तिची मैत्रीण करतायत, खाली संबळ. त्यांच्याकडच्या राचेनित्सा नाचाची सात मात्रांची वाटणी दोन-दोन-तीन, आपल्या रूपकाची तीन-दोन-दोन. संबळवाला हसत हसत दुसरीकडंच निघून जातो. त्याबद्दल नंतर.

आता परवानगीचं. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच संगीत-गटानं सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा या बाईची अंगाई बीटवर चढवली, ती ह्यूगो झेम्प यांनी केलेल्या रेकॉर्डिंगमधून. गाणं जगभर गाजलं, बाईचं नाव मागंच राहिलं. एनिग्मा या जर्मन संगीत-गटानं तैवानच्या आमिस जमातीचे दिफांग आणि त्यांच्या पत्नी इगाय यांचा आवाज वापरला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९९ मध्ये तडजोड झाली. आपण घरगुती मंडळी, पण फाइल एकदा बाहेर गेली की गेली. म्हणून मिक्स आधी मावशीला ऐकवला. बीटबद्दल तिनं एवढंच विचारलं, "हे धाडधाड कमी होत नसतंय का?" मग एका ओवीपाशी हात वर केला. "ही काढ. हिच्यात सासरच्या माणसाचं नाव हाय." माझ्या मते आख्ख्या रेकॉर्डिंगमधली सगळ्यात जबर ओवी तीच होती. काढली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांपैकी बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर आहेत, माजलगावच्या भीमनगरातल्याही. फेरा, ओढ, "गं"ची जागा कान देऊन शिकायला तिथं जा. उचलून सॅम्पल करायला नको.

धाडधाड तीन डेसिबलनं उतरवलीय. आता मोठ्या स्पीकरवर ऐकायचंय, कारण पिझोमध्ये इन्व्हर्टरची गुणगुण शिरलीय आणि माझ्या हेडफोनवर ती किकखाली लपते. मंडपवाल्या मित्राचे स्पीकरचे डबे लग्नसराई संपल्याशिवाय मोकळे होत नाहीत. तोवर टेम्पो मॅप आणि पिझोचा ट्रॅक ज्याला हवा त्याला पाठवतो. मावशीच्या आवाजाचा स्टेम (वेगळा ट्रॅक) मागू नका.